विचारायचं कुणाला?

(दृश्य: गोवा, सत्तरी तालुका. सकाळचे सहा. हायस्कूलचं खो-खोचं मैदान, तांबडी माती, कडेला काजूची झाडं. एक मुलगा घमेल्यातली फक्की मुठीने सोडत दोरीवरून चालला आहे.)

पाऊस ओसरला की इथल्या शाळांत पहिलं काम हेच. गवत खरवडायचं, पाणी मारायचं, दोरी ताणायची आणि फक्कीच्या रेघा ओढायच्या. दोन टोकांना दोन खांब, मधली पाटी, आठ चौकोन. आठवी ते दहावीच्या मुली साडेसहाला हजर होतात. कुणी बसने येते, तर कुणाला बाबा कामावर जाता जाता स्कूटरवरून सोडतात. घरच्यांचं पाठवण्याचं एक कारण दहावीचे क्रीडागुण असतं. मुलींना विचाराल तर त्या क्रीडागुणांचं नावही काढत नाहीत. त्यांना धावायचं असतं.

वीसेक वर्षांपूर्वी मीही अशाच चौकोनात, शेजारणीच्या उलट दिशेला तोंड करून, 'खो' ऐकायला कान टवकारून बसत होते. राज्याच्या निवड चाचणीला शहरात गेले होते. दोन दिवस चाचणी चालली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लांब वहीचा एक कागद टाचण्या मारून फळ्यावर लागला. रेघांच्या कागदावर निळ्या शाईने लिहिलेली फक्त बारा नावं. माझं नाव नव्हतं. आमच्याबरोबर दोन दिवस पळलेल्यांत जी मुलगी कुठे दिसलीच नव्हती, तिचं मात्र होतं. आमच्या सरांनी विचारलं तेव्हा टेबलाशी बसलेले गृहस्थ म्हणाले, "यादी वरून आलीय."

वर म्हणजे कुठे? वर कोण बसतं? तिथे विचारायला कुणी जाऊ शकतं का? बसमध्ये बसून घरी येताना माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं. हा माहितीपट त्या प्रश्नातून निघाला आहे.

(दृश्य: नवी दिल्ली. संसद भवन.)

२३ जुलै २०२५. केंद्रीय युवक कल्याण आणि क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी लोकसभेत राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मांडलं. मांडविया मूळचे गुजरातमधल्या भावनगर जिल्ह्यातले, पोरबंदरचे खासदार. आधी आरोग्य खातं सांभाळलेले, आणि संसदेत सायकलने येणारे म्हणून ओळखले जाणारे. जून २०२४ मध्ये हे खातं त्यांच्याकडे आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला. १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने 'खेलो भारत नीती' मंजूर केली आणि २००१ सालचं क्रीडा धोरण मागे पडलं. त्यानंतर तीन आठवड्यांत विधेयक सभागृहात आलं.

धोरण आणि कायदा यांतला फरक इथे समजून घेतला पाहिजे. धोरणात सरकार आपला मनोदय सांगतं. तो पाळला गेला नाही तर न्यायालयात सहसा दाद मागता येत नाही. कायद्याचं तसं नसतं. त्यातला शब्द पाळावा लागतो.

भारतात राष्ट्रीय क्रीडा संघटनांसाठी असा कायदा नव्हताच. होत्या त्या मार्गदर्शक सूचना, आणि २०११ पासून क्रीडा संहिता. संहिता मोडली तर सरकार मान्यता काढून घेई, संघटना न्यायालयात जाई, खटला वर्षानुवर्षं चाले आणि तोवर खेळाडूचं वय निघून जाई. २०११ साली अजय माकन क्रीडामंत्री असताना कायद्याचा प्रयत्न झाला होता. तो मसुदा मंत्रिमंडळातूनच परत फिरला. त्या मंत्रिमंडळात क्रीडा संघटनांची पदं सांभाळणारे मंत्रीही बसलेले होते. तिथून पुढे चौदा वर्षं गेली.

(दृश्य: मडगाव. फातोर्डा. पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, रिकाम्या गॅलऱ्या.)

या चौदा वर्षांत काय गमावलं असतं, ते गोंयकाराला वेगळं सांगायची गरज नाही. ऑगस्ट २०२२ आठवा. सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल विश्वचषक भारतात होणार होता आणि यजमान मैदानांत भुवनेश्वर आणि नवी मुंबईबरोबर आपलं फातोर्डा होतं. आणि स्पर्धेला दोन महिने उरले असताना फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. महासंघाच्या निवडणुका वेळेवर झाल्या नव्हत्या, सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला होता, आणि फिफाने त्याला बाहेरचा हस्तक्षेप ठरवलं. खुर्च्यांचा वाद मोठ्या माणसांचा होता. त्यात टांगणीला लागल्या त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली.

अकरा दिवसांनी निलंबन उठलं. ऑक्टोबरात सामने झाले, दोन्ही उपांत्य सामने फातोर्ड्याला झाले. ते अकरा दिवस मात्र विसरू नयेत असे आहेत.

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या. ऑलिम्पिकचं पदक गळ्यात घातलेल्या मुलीला आपली तक्रार ऐकून घेण्यासाठी दिल्लीच्या फुटपाथवर झोपावं लागलं. मग सत्तरीच्या, पेडण्याच्या मुलीने कुठे जायचं?

(दृश्य: विधेयकाची छापील प्रत. पानं उलटणारा हात.)

आता कायद्यात काय आहे ते बघू.

राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या कार्यकारी समितीत पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत. त्यात किमान चार स्त्रिया आणि किमान दोन नामवंत खेळाडू हवेत. अध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार यांना सलग तीन कार्यकाळ मिळतील, मग एक कार्यकाळ बाहेर बसावं लागेल. संघटनांना मान्यता देण्यासाठी आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ असेल. निवडणुकांवर देखरेख ठेवायला वेगळं पॅनेल असेल. स्त्रिया आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी धोरण आणि तक्रार निवारणाची व्यवस्था संघटनेला करावीच लागेल. सरकारी अनुदान घेणारी संघटना माहितीच्या अधिकाराखाली येईल.

आणि एक राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण असेल. अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, आजी किंवा माजी, आणि सोबत दोन सदस्य. निकाल मान्य नसेल तर तीस दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येईल.

मी ही प्रत वाचताना या कलमाशी थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. 'वरून आलीय' म्हणणाऱ्याच्याही वर कुणीतरी बसलेलं आहे आणि त्याला ऐकून घ्यावं लागेल, असं खेळाच्या बाबतीत या देशाच्या कायद्यात मी पहिल्यांदाच वाचत होते.

११ ऑगस्टला लोकसभेने आवाजी मतदानाने विधेयक मंजूर केलं, १२ ऑगस्टला राज्यसभेने. उत्तेजक द्रव्यविरोधी कायद्यातली दुरुस्तीही त्याबरोबरच झाली. १८ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. स्वातंत्र्यानंतरची क्रीडा क्षेत्रातली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, असं मांडविया सभागृहात म्हणाले. राज्यसभेत पी. टी. उषा यांनी पाठिंबा दिला. त्या भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्ष आणि राष्ट्रपतिनियुक्त सदस्य आहेत. सेकंदाच्या शतांशाने ऑलिम्पिक पदक हुकलेली धावपटू खेळाडूंच्या कायद्यावर सभागृहात बोलते, हे चित्र मला मोलाचं वाटतं.

तरीही एक गोष्ट खटकते आणि ती सांगितलीच पाहिजे. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे पाठवावं, अशी मागणी समितीचे अध्यक्ष दिग्विजय सिंह यांनी लोकसभा अध्यक्षांना पत्र लिहून केली होती. ते झालं नाही. लोकसभेत विधेयक आलं त्या दिवशी विरोधी पक्षांचे बहुतेक खासदार मतदारयाद्यांच्या प्रश्नावर मोर्चात होते. चौदा वर्षं वाट पाहिलेला कायदा आणखी एक-दोन महिने समितीत चाळला गेला असता, जिल्ह्याच्या पातळीवर खेळणाऱ्या मुली आणि त्यांचे शिक्षक तिथे बोलले असते, तर तो अधिक आपला वाटला असता. मंत्र्यांनी विधेयक नेटाने तडीस नेलं हे खरं. ऐकून घेण्याचं काम अपुरं राहिलं, हेही तितकंच खरं.

(दृश्य: लोकसभेतला प्रश्नोत्तराचा तास, छापील प्रश्नोत्तरं.)

विधेयक हा मंत्र्याच्या संसदीय कामाचा दिसणारा भाग. रोजचं काम प्रश्नांच्या उत्तरांत असतं. लोकसभेत सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. तारांकित प्रश्नाचं उत्तर उभं राहून द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नांची उत्तरं लेखी येतात. अमुक जिल्ह्यात खेलो इंडिया केंद्र कधी, तमुक मैदानाचे पैसे कुठे अडले, प्रशिक्षकांची पदं किती रिकामी, असे ते प्रश्न असतात. उत्तरं देणाऱ्यांत राज्यमंत्री रक्षा खडसेही असतात. रावेरच्या खासदार, खानदेशातल्या, सरपंचपदापासून सुरुवात केलेल्या. या खात्यात एक मराठी बाई बसली आहे, याचा आम्हाला इथे आनंद आहे.

मी अशी बरीच उत्तरं वाचली. त्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं. क्रीडा हा राज्यांचा विषय आहे, खेळाच्या विकासाची जबाबदारी प्रामुख्याने राज्य सरकारांची आहे, केंद्र त्यांच्या प्रयत्नांना हातभार लावतं. मंत्री बदलले, पक्ष बदलले, तरी हे वाक्य बदललेलं नाही. ते चूक नाही. घटनेच्या सातव्या परिशिष्टात, राज्यसूचीच्या तेहेतिसाव्या नोंदीत खेळ आहेत. पण गोव्याच्या माणसाने हे वाक्य वाचून कागद मिटून ठेवू नये. कारण पुढचा प्रश्न आपण आपल्याच घरात विचारायचा आहे.

संसदेत गोव्याचे तीन आवाज. लोकसभेत दोन, राज्यसभेत एक. पर्वरीला विधानसभेत चाळीस आहेत.

(दृश्य: पर्वरी, विधानसभा संकुल. मग राष्ट्रीय स्पर्धेचा शुभंकर 'मोगा', भिंतीवर रंगवलेला, थोडा उडालेला.)

हा मोगा आठवत असेल. गवा रेडा, आपला राज्यप्राणी. २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३, सदतिसावी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा. वर्षानुवर्षं पुढे ढकलत आलेली ती स्पर्धा शेवटी झाली, त्रेचाळीस खेळांची, आणि चांगली झाली. गोव्याने सत्तावीस सुवर्णांसह ब्याण्णव पदकं घेतली. एवढ्याशा राज्याने नववं स्थान मिळवलं. त्या पंधरा दिवसांत इथली पोरं परराज्यातल्या खेळाडूंचे बूट, त्यांचा सराव, त्यांचं खाणंपिणं बारकाईने बघत होती. आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या संघाने आणि प्रतीक वाईकरच्या संघाने दोन्ही चषक भारताला मिळवून दिले. त्या आठवड्यात आमच्या मैदानावर सरावाला मुली दुप्पट झाल्या.

तेव्हा खेळण्याची भूक आहे. मैदानं झाली आहेत. मांडवियांचा कायदा राष्ट्रीय संघटनांची घडी बसवतो आणि त्यांना जोडलेल्या राज्यातल्या, जिल्ह्यातल्या शाखांचीही नोंद ठेवायला सांगतो. पण निवड होते ती तालुक्याच्या मैदानावर. चूक होते ती तिथेच. दहावीतल्या मुलीने त्यासाठी दिल्लीचं न्यायाधिकरण गाठावं, ही अपेक्षा धरता येणार नाही. तिला बसने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल इतक्या अंतरावर कुणीतरी हवं. केरळने २००० साली स्वतःचा क्रीडा कायदा केला. राजस्थानने २००५ मध्ये संघटनांच्या नोंदणीसाठी आणि नियमनासाठी कायदा केला. घटनेने विषय राज्याच्या हाती दिला असेल, तर निवडीची यादी कशी लावायची, हरकत कुणाकडे घ्यायची, किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे पर्वरीला ठरवता येतं. हा प्रश्न आमच्या चाळीस आमदारांतल्या एकाने तरी तारांकित करून विचारावा. ते उत्तर ऐकायला मी प्रेक्षक सज्जात जाऊन बसेन.

(दृश्य: पुन्हा सत्तरीचं मैदान. आठ वाजत आले आहेत. ऊन वर आलंय.)

सराव संपला. तालुक्याचा संघ आज ठरणार आहे. सरांनी व्हरांड्यातल्या फळ्यावर कागद लावला आहे. चौकटी आखलेला कागद. नावापुढे दोन रकाने. एकात बाद केलेले गडी, दुसऱ्यात पळतीचा वेळ, मिनिटं आणि सेकंद. मुलींची गर्दी. सगळ्यांत मागे उभी असलेली नववीतली एक मुलगी टाचा उंचावून वाचते. तिचं नाव तेराव्या क्रमांकावर आहे. संघ बाराचा.

ती बोट ठेवून रकाना दुसऱ्यांदा वाचते. मग वळते.

"सर, शनिवारचे माझे दोन बाद यात धरलेले नाहीत."

सर आत जातात, गुणपत्रिकांची फाईल घेऊन येतात, व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसतात. ती शेजारी बसते. शनिवारचं पान सापडतं. दोघांची बोटं एकाच रकान्यावरून खाली सरकू लागतात.