६४१ नं कसा भाग गेला

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर दहा अंक लिहून घ्या. चार, दोन, नऊ, चार, नऊ, सहा, सात, दोन, नऊ, सात. झाले चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ चा बत्तिसावा घात काढून त्यात १ मिळवला की हीच संख्या येते.

या संख्येचं घराणं जुनं आहे. ३, ५, १७, २५७, ६५५३७. प्रत्येक वेळी २ चा घात दुप्पट करायचा आणि १ मिळवायचा. या पाचही मूळ संख्या आहेत. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं फ्रेंच गणिती फर्मानं १६४० मध्ये पत्रांतून लिहिलं. आपली संख्या सहावी.

आता ती तपासायची कशी? शेवटी ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. पण वर्गमूळ ६५५३६ च्या जरासं पुढे आहे, आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. या सगळ्या संख्यांनी हातानं भाग देत बसायचं?

१७३२ मध्ये, ऐन पंचविशीत, स्विस गणिती ऑयलरनं सांगितलं की हिला ६४१ नं भाग जातो. त्यामागचा नियम त्यानं पुढे सिद्ध केला, आणि मला तो फार आवडतो. समजा, एका मूळ संख्येनं हिला भाग जातो. १ पासून दुप्पट करत चला आणि दरवेळी त्या मूळ संख्येनं भागून फक्त बाकी ठेवा. बत्तिसाव्या पायरीला बाकी येते उणे १. आणखी बत्तीस पायऱ्या चढलो की उणे १ गुणिले उणे १, म्हणजे पुन्हा १. फेरा बरोबर ६४ पायऱ्यांचा. त्याआधी तो पुरा होत नाही. आणि फर्माचाच एक सिद्धान्त सांगतो की मूळ संख्येपेक्षा एकनं कमी इतक्या पायऱ्यांनी बाकी १ वर परत येतेच. म्हणून त्या मूळ संख्येतून १ वजा केला की ६४ ची पट उरायलाच हवी.

अशा मूळ संख्या किती? १९३, २५७, ४४९, ५७७, आणि पाचवी ६४१!

भागाकार न करताही हे दिसतं. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. आणि ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. पहिल्यावरून ५ गुणिले २ चा सातवा घात, बाकी उणे १. चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, बाकी १. आता ६२५ च्या जागी उणे १६ ठेवा. उरतो उणे २ चा बत्तिसावा घात, बाकी १. त्यात २ चा बत्तिसावा घात मिळवला की भाग निःशेष.

दुसरा अवयव ६७००४१७. तोही मूळ.

६५५३७ नंतर या घराण्यात आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. याच घराण्यातली २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १ ही संख्या ३,१५,६५३ अंकी आहे. ती मूळ नाही हे सिद्ध झालंय, पण तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही.