‘समजलं का?’ विचारताना

मंडळी, औषधाच्या खिडकीवर, वर्गात, तहसीलच्या टेबलावर ‘समजलं का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘हो’. पण कळणे, समजणे, उमगणे यांपैकी नेमकं काय घडलं, ते त्या ‘हो’तून ओळखता येत नाही.

हे शब्द समानार्थी वाटतात. वापरून पाहिले की फरक दिसतो. ‘गाडी उशिरा येणार असल्याचं कळलं’ म्हणतो, ‘समजलं’ही म्हणतो, ‘उमगलं’ कुणी म्हणत नाही. ‘समजून घ्या’ म्हणतो, ‘कळून घ्या’ म्हणत नाही. कळतं ते आपोआप येऊन पोचतं, समजण्यासाठी आपण काही करू शकतो. प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया घडवण्याचं रूप, मला यांहून मोलाचं वाटतं. कळणेचं कळवणे होतं, समजणेचं समजावणे. ‘उमगवणे’ मात्र रोजच्या बोलण्यात नाहीच. तास संपताना ‘सगळ्यांना उमगलं ना?’ विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही. तासाभरात शिक्षकाच्या हाती समजावणं एवढंच असतं.

आता विभक्ती. ‘मले समजलं’ यात समजणारा मी. ‘तिनं मले समजून घेतलं’ यात समजून घेणारी ती, मी फक्त समजला गेलो. ‘मले’ तेच, भूमिका उलटी. ‘मला कुणी समजून घेत नाही’ असं मूल म्हणतं तेव्हा त्याला दुसरी भूमिका हवी असते, आणि घरचे ‘सांग, तुला काय समजत नाही?’ म्हणत पहिलीच पुढे करतात. हा गोंधळ मी फार गंभीर मानतो.

नागपुरात आणखी एक अडचण आहे. १९५६पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा जोडभाषिक राज्याची राजधानी होतं, आणि आजही एकाच दुकानात दोन्ही भाषा चालतात. हिंदीतलं ‘मैं समझा’ म्हणजे बहुधा ‘कळलं’. मराठीत ‘मी समजलो, आज सुट्टी आहे’ म्हणजे माझा तसा समज झाला, बहुधा चुकीचा. ‘समज दिली’ म्हणजे तर ताकीदच. ज्याला अशी लेखी समज मिळते, त्याला काय समजलं हे कुणी विचारत नाही.

मग विचारायचं कसं? कळलं का ते पाहायचं असेल तर तपशील विचारा: ‘गोळ्या किती, कधी?’ समजलं का ते पाहायचं असेल तर, ‘घरी आईले कसं सांगाल?’ माणूस आपल्या शब्दांत सांगू लागला की चूक लगेच दिसते. ‘जेवणानंतर दोनदा’ हे रात्रपाळीच्या माणसाला अर्धवट कळतं, कारण त्याचं जेवण कधी, हे आपण विचारलेलंच नसतं. ‘उपाशीपोटी’चा अर्थ एखादी बाई उपवासाच्या दिवशी असा घेऊ शकते. त्यापेक्षा ‘सकाळी काही खाण्याआधी’ म्हणा. उमगलं का, हे त्याच दिवशी विचारू नका. नंतर एखादं नवं उदाहरण द्या आणि पाहा.

आणि ‘आठ दिवसांनी या’ सांगू नका. मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा, सोमवारचा सोमवार. शब्दशः मोजणारा मंगळवारी येतो आणि खिडकी बंद सापडते. वार आणि तारीख दोन्ही सांगा, चिठ्ठीवर लिहून द्या, आणि ती त्यांनाच वाचून दाखवायला सांगा. वाचता येत नसेल तर सोबत आलेल्याला.