बदली ट्रान्झिस्टर शोधताना

मंडळी, मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न ठरलेला आहे. सर्किटच्या आकृतीत बीएफ४९४ नंबरचा ट्रान्झिस्टर (सिग्नल वाढवणारा, बहुधा तीन पायांचा छोटा भाग) दाखवलाय, डब्यात बीसी५४७ पडलेत, चालतील का? मी उलट विचारतो, तो ट्रान्झिस्टर त्या जागी करतोय काय? बदली शोधायची ती त्या कामासाठी. अंगावर छापलेल्या नंबरासाठी शोधत बसलात तर हाती फार थोडं लागतं.

आवाजाच्या भागातला छोटा ॲम्प्लिफायर असेल तर मी फार विचार करत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरमधून एक-दोन मिलिॲम्पियर (ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे कलेक्टर, बेस आणि एमिटर; बेसवरचा छोटा प्रवाह इतर दोघांमधला मोठा प्रवाह ताब्यात ठेवतो). बीसी५४७ ४५ व्होल्ट आणि १०० मिलिॲम्पियर सोसतो, २एन३९०४ ४० व्होल्ट आणि २००, २एससी१८१५ ५० व्होल्ट आणि १५०. तिघंही एकाच जातीचे, एनपीएन सिलिकॉन. कोणताही उचला.

पण पाय बघा! हे मी तळमळीनं सांगतोय, कारण यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. ७ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच सिग्नल निर्माण करणारं सर्किट होतं, बीएफ४९४ जळला. मी त्याच भोकांत बीसी५४७ बसवला, सोल्डर केला, सगळं गप्प. कॉइल उकलून पुन्हा गुंडाळली, कपॅसिटर बदलले, तरी गप्प. शेवटी दोन्ही डेटाशीट, म्हणजे कंपनीची माहितीपत्रकं, शेजारी ठेवल्या. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बीएफ४९४ मध्ये मधला पाय एमिटर! दोन पायांवर बारीक नळी चढवून ते एकमेकांवरून वळवले आणि ऑसिलेटर सुरू झाला. २एन३९०४ चा क्रम बीसी५४७ च्या अगदी उलटा, आणि २एससी१८१५ मध्ये मधोमध कलेक्टर. एवढंच कशाला, पीएन२२२२ए आणि पी२एन२२२२ए ही नावं जुळ्या भावांसारखी, तरी कलेक्टर-एमिटरची अदलाबदल. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर कधीकधी थोडासा चालतोही, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) नावापुरता देतो, आणि तो प्रकार जास्त फसवा. शंका आली की मल्टिमीटर डायोड तपासायच्या खुणेवर लावा. ज्या पायापासून बाकी दोघांकडे आकडा येतो तो बेस. त्या दोघांपैकी ज्याच्याकडे आकडा किंचित जास्त, तो बहुतेक वेळा एमिटर.

आता खरी गंमत रेडिओ फ्रिक्वेन्सीची. लोक फक्त ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी बघतात, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला करंट गेन एकावर येतो ती. ती ३०० मेगाहर्ट्झ असेल तर ३० मेगाहर्ट्झला गेन साधारण १० उरतो, हा हिशेब सोपा आहे. पण बीएफ४९४ ची ही फ्रिक्वेन्सी २६० च्या आसपास आणि बीसी५४७ चीही ३०० च्या घरात. मग पहिला रेडिओचा आणि दुसरा आवाजाचा का? उत्तर कलेक्टर आणि बेस यांच्यामधल्या कपॅसिटन्समध्ये आहे, म्हणजे त्या दोघांत जणू एक छोटा कपॅसिटर दडलेला असतो आणि त्यातून सिग्नल मागे झिरपतो. बीएफ४९४ मध्ये तो सुमारे १ पिकोफॅरड, बीसी५४७ मध्ये त्याच्या सहज दुप्पट-तिप्पट. ॲम्प्लिफायरचा व्होल्टेज गेन ५० असला, तर बेसकडून बघताना हाच कपॅसिटन्स ५१ पट दिसतो. मधला पाय एमिटर ठेवल्याचा फायदाही इथेच कळतो: बेस आणि कलेक्टर दोन टोकांना राहतात. ऑसिलेटरमध्ये हे खपून जातं, कॉइल थोडी जुळवून घ्यायची. पण १०.७ मेगाहर्ट्झच्या आयएफ टप्प्यात (रिसीव्हरमधला, ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल वाढवणारा भाग) बीसी५४७ घातलात, तर कलेक्टरचा सिग्नल मागे बेसवर येऊन तो टप्पा स्वतःच शिट्टी मारू लागण्याची शक्यता दाट.

उलट बाजूही आहे. जुन्या संथ ट्रान्झिस्टरच्या जागी फार चपळ घातला, तर तो भलत्याच उंच फ्रिक्वेन्सीवर गुपचूप ऑसिलेट होतो. बेसच्या पायात फेराइटचा मणी किंवा २२ ओहम घाला, बहुधा शांत होतो.

ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात व्होल्टेजकडे डोळसपणे बघा. पुरवठा १२ व्होल्टचा असला तरी कॉइलमुळे कलेक्टर २४ व्होल्टपर्यंत झुलतो. बीएफ४९४ ची मर्यादा २० व्होल्ट. तिथे तो नकोच.

जेफेटचंही तेच; हा ट्रान्झिस्टरचाच दुसरा प्रकार, त्याच्या पायांना गेट, सोर्स आणि ड्रेन म्हणतात. एमपीएफ१०२ च्या जागी जे३१० सर्रास सुचवला जातो. गेट आणि सोर्समध्ये शून्य व्होल्ट असताना पहिल्यातून वाहणारा प्रवाह २ ते २० मिलिॲम्पियर, दुसऱ्याचा २४ ते ६०. सोर्सचा रेझिस्टर न वाढवता बदललात, तर तो जास्त प्रवाह ओढतो, तापतो, आणि ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी सरकत राहते.

जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जागी सिलिकॉनचा घालायचा तर बायस, म्हणजे बेसला दिलेला स्थिर व्होल्टेज, बदलावा लागतो. समजा बेस १ व्होल्टवर आहे आणि एमिटरला १ किलोओहम. जर्मेनियममध्ये ०.२ व्होल्ट वजा होऊन ०.८ मिलिॲम्पियर वाहतो, सिलिकॉनमध्ये ०.६५ वजा होऊन जेमतेम ०.३५. बेस दीड व्होल्टाच्या जवळ नेला की गाडी रुळावर येते.

मात्र जुन्या रिसीव्हरमधला एएफ११७ मेला म्हणून लगेच बदली शोधू नका. त्याला चार पाय असतात, चौथा धातूच्या डबीला जोडलेला. वर्षानुवर्षांत डबीच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू उगवतात आणि कलेक्टरला डबीशी शॉर्ट करतात. आधी तो चौथा पाय कापून बघा. माझ्याकडे आलेल्या एका रिसीव्हरमध्ये असे तीन होते. तिन्ही चौथे पाय कापले, स्टेशनं परत आली, आणि बदलीसाठी काढून ठेवलेले ट्रान्झिस्टर पुन्हा डब्यात गेले.