तडा

[धरणाची भिंत, वरून खाली]

२१ मार्च १९८१. अ‍ॅरिझोनातलं ग्लेन कॅन्यन धरण, पायापासून ७१० फूट उंच. माथ्यावरून काही जण काळ्या प्लॅस्टिकची ३०० फुटी पट्टी खाली सोडतात आणि धरणाला तडा गेल्याचा भास होतो. जमलेल्यांसमोर बोलायला उभा राहतो लेखक एडवर्ड अ‍ॅबी.

धरणाचं काम चालू असताना, १९५९ साली तो मित्राबरोबर छोट्या रबरी होड्यांतून या दरीतून गेला होता. लाल खडकांचे कडे, पाझरत्या कपारींतले नेचे, बाजूच्या घळी. १९६३ साली दरवाजे बंद झाले आणि कोलोरॅडो नदीचं पाणी त्यावर चढत गेलं.

ही दरी कुणी वाचवली का नाही? त्याच काळात एको पार्क नावाच्या दुसऱ्या दरीतलं नियोजित धरण निसर्गप्रेमींनी रोखलं होतं. ती जागा डायनासोर राष्ट्रीय स्मारक या सरकारी संरक्षित प्रदेशाच्या हद्दीत होती. ग्लेन कॅन्यनला तसं संरक्षण नव्हतं, आणि ते पाहिलेली माणसंही थोडी. जे कुणी पाहिलंच नाही, त्यासाठी भांडणार कोण?

अ‍ॅबीचं लेखन मला इथे मोलाचं वाटतं. आयुष्यात कधी रानात पाऊल न टाकणाऱ्यालाही रान हवं असतं, हे तो ठासून सांगत राहिला. अमेरिकेत १९६४ च्या वाइल्डरनेस, म्हणजे रान राखण्याच्या, कायद्याने ९१ लाख एकर जमीन रस्ते आणि मोटारींपासून राखली. आज हा आकडा ११ कोटींच्या वर आहे.

[जुनी छायाचित्रं]

पण हा माणूस सगळ्यांना पटणारा नव्हता. १९७५ च्या कादंबरीत त्याची पात्रं यंत्रं मोडतात, हेच धरण उडवायची स्वप्नं पाहतात. १९८५ साली मोंटाना विद्यापीठात, गुरं पाळणाऱ्यांच्या मुलखात, सरकारी जमिनीवरच्या चराईवर त्याने कडाडून टीका केली. ते धाडसच. मेक्सिकोतून येणाऱ्या स्थलांतरितांबद्दल मात्र त्याने तुच्छतेने लिहिलं. वाळवंटावरच्या प्रेमाने ते धुऊन निघत नाही.

१४ मार्च १९८९ रोजी अ‍ॅबी गेला. धरण अजून उभं आहे. दुष्काळ, वाढतं तापमान आणि नदीच्या ताकदीपेक्षा जास्त उपसा, यांमुळे गेल्या वीसेक वर्षांत जलाशय बराच आटला. बुडालेल्या घळी उघड्या पडल्या, तिथे विलो आणि कॉटनवुडची झाडं उगवली. पाणी पुन्हा चढलं तर ती बुडतील. बुडू नयेत म्हणून भांडणारी माणसं या वेळी तिथे आहेत, कारण या वेळी त्यांनी घळी पाहिल्या आहेत.