तनाका जागेवर नाही

१ एप्रिल. जपानमध्ये सरकारचे आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांचे नवे वर्ष याच दिवशी सुरू होते, आणि नुकतेच पदवीधर झालेले, एकसारखे गडद सूट घातलेले तरुण-तरुणी नोकरीवर रुजू होतात. अनेक कंपन्यांत त्यांना लगेच काम मिळत नाही. आधी वाकायला शिकवले जाते. येता-जाता भेटलेल्या सहकाऱ्यापुढे १५ अंश, ग्राहकापुढे ३०, आणि क्षमा मागताना ४५. वाकताना पाठ ताठ हवी; नुसती मान खाली घालून भागत नाही.

मग मेइशी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड. अक्षरे समोरच्याला सुलटी दिसतील असे धरून, त्याच्या कार्डापेक्षा आपले किंचित खाली ठेवून ते द्यायचे. मिळालेले कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचे, वाचायचे आणि बैठक संपेपर्यंत मेजावर ठेवायचे. पाहुणे चार असतील, तर ते ज्या क्रमाने बसले त्याच क्रमाने कार्डे मांडतात, म्हणजे नावांचा घोळ होत नाही.

खरी कसोटी टेलिफोनवर लागते. घंटा तीनदा वाजायच्या आत फोन उचलावा, उशीर झाल्यास आधी दिलगिरी व्यक्त करावी, इथपर्यंत ठीक. पण बाहेरच्या कोणी तनाकासाहेबांची चौकशी केली, की एरवी त्यांना पदाने संबोधणारा हाच उमेदवार नावापुढचा 'सान' हा आदराचा प्रत्ययही गाळून, स्वतःकडे कमीपणा घेणारे क्रियापद योजून सांगतो: तनाका आत्ता जागेवर नाही. परक्यासमोर आपला साहेबही आपल्यातलाच ठरतो, आणि आपल्यातल्याचा मोठेपणा परक्यापुढे मिरवायचा नसतो. मराठी माणसाला हे जड जाते. 'आई आली' आपण सहज म्हणतो, पण 'बाबा आला' म्हणायला, ऐकणारा कोणीही असो, बहुतेक घरांत जीभ रेटत नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना या आदरार्थी भाषेचे, केइगोचे, व्याकरण वहीत उतरवता येते. अडखळायला होते ते प्रत्यक्ष बोलताना.

जपानी मुलांचे शिक्षण मात्र फार आधी, शाळेतल्या जेवणापासून सुरू होते. २०१८ पासून प्राथमिक शाळांत नैतिक शिक्षण हा रीतसर विषय झाला, त्याला पाठ्यपुस्तक आले, गुण मात्र दिले जात नाहीत. तरीही पुस्तकापेक्षा हातातली पळी अधिक शिकवते, असे ही मुले पाहताना वाटते. पांढरे एप्रन आणि टोप्या घातलेली पाळीची मुले स्वयंपाकघरातून जड भांडी उचलून वर्गात आणतात आणि आपल्याच सोबत्यांना वाढतात. पंगतीत श्लोक होईपर्यंत आपण जसे थांबतो, तसे सर्वांचे वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही. मग सगळे हात जोडून एका सुरात 'इतादाकिमासु', म्हणजे अन्न कृतज्ञतेने स्वीकारतो, असे म्हणतात.

त्याआधी, मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपच्या पातेल्यापाशी उभा असलेला सात-आठ वर्षांचा मुलगा रांगेतल्या उरलेल्या वाट्या मोजतो, आत डोकावतो, आणि पुढची पळी थोडी कमी भरतो.