सुट्टीतली बंद खोली

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यातलं ऊन सोलापूरकरांना मी काय सांगू! पारा चाळिशीच्या वर गेला की आपण दुपारी दारं लावून घेतो आणि माठाजवळ बसतो. विद्यापीठातही तेव्हा सुट्टी असते. मी तिथं आरोग्य आणि सुरक्षिततेच्या समन्वयाचं काम बघतो. माझी झोप उडते ती नेमकी याच सुट्टीत.

त्याचं कारण ईथर. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागणारा हा द्रव साधारण ३५ अंशांना उकळतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीत तो उकळायच्या बेतात असतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते, दाराखालून बाहेर येते आणि कुठंतरी ठिणगी पडली की पेटते. बाटली उघडून बरेच दिवस झाले असले तर आत पेरॉक्साइड साचतं, मग नुसतं झाकण फिरवतानाही स्फोट होऊ शकतो.

एका सुट्टीत ईथर ठेवलेल्या भांडारखोलीचा एक्झॉस्ट पंखा बंद सापडला. विभागात विचारलं तर म्हणाले, "पंखा चोवीस तास चालू ठेवायचा अशी आमची लेखी सूचना आहे." वायरमन म्हणाला, "सुट्टीत मेन स्विच पाडायचा, शॉर्टसर्किट नको, असा लेखी आदेश आहे." दोन्ही कागद खरे, दोन्ही सुरक्षिततेसाठीच काढलेले! तिसरे आमचे शिपाई मामा. ते म्हणाले, "वास तर चार दिवस येतोय सर, पण आम्हाला कोण विचारतंय?"

समन्वय म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी फलक लावत होतो.

श्रोतेहो, दिल्लीतली गोष्ट तर याहून भयंकर आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेलं एक किरणोत्सर्गी यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होतं. २०१० साली ते जुन्या सामानाबरोबर लिलावात गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं, तिथल्या कामगारांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एकाचा जीव गेला. आपल्याकडं डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाची नोंदवही असते, जुनं सामान मोडीत काढायला मंजुरी देणारी निर्लेखन समिती असते, तीन सह्या असतात. पण किंमत किती, वापरात आहे की नाही, एवढंच त्यात लिहितात. वस्तूच्या पोटात काय आहे, हा रकानाच नसतो. आमच्या नोंदवहीत मी तो हातानं आखून घेतला. लेखा विभागाला आवडलं नाही.

कायद्याचं म्हणाल, तर १९४८ चा कारखाने अधिनियम गिरणीसाठी आहे, आमच्या प्रयोगशाळेसाठी नाही. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. चांगलंच आहे ते. पण आग विझवायचं सिलिंडर भरलेलं आहे हे प्रमाणपत्र सांगेल, ते ज्या कपाटामागं दडलंय ते कपाट कोण हलवणार?

आणि फ्रिज! रसायनांच्या फ्रिजमध्ये डबे ठेवू नका, हे मी किती वेळा सांगितलं असेल. परवाही उघडला तर द्रावणांच्या बाटल्यांशेजारी शेंगाचटणीची पुडी. कडक भाकरी तेवढी बाहेर ठेवली होती, मऊ पडू नये म्हणून. एवढी काळजी भाकरीची!

यंदा मार्चनंतर ईथर मागवायचंच नाही असं ठरवलंय. उघडलेल्या प्रत्येक बाटलीवर तारीख असेल. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख, वायरमन आणि मामा, तिघंही त्या खोलीत माझ्याबरोबर उभे राहणार आहेत. पंख्याला मेन स्विचपासून वेगळी लाईन हवी, त्याचं एस्टिमेट बांधकाम विभागात अडकलंय. तोवर एक किल्ली मामांकडं, दुसरी माझ्या खिशात.

नमस्कार.