एक बाटली पाणी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘न्यायवैद्यकाचं शिक्षण आणि संशोधन’. तिथे मी येणारच आहे. पण आधी या बाटलीबद्दल बोलतो. अर्ध्या लिटरची, साधी. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी पोलिसांकडे हिच्याइतकं दुसरं काही मागितलं नसेल.

मी नवा लेक्चरर होतो. सप्टेंबर महिना. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, एका मानशीच्या दाराला अडकलेलं बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाचं प्रेत आमच्याकडे आलं. मानस म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायची जागा, हे तुम्हाला सांगायला नको, या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी मानशीवर मासे धरलेत. (हशा) प्रेत दोन दिवस पाण्यात होतं. माणूस जिवंतपणी बुडाला की नाकातोंडाशी पांढरा चिवट फेस येतो, पुसला तरी परत येतो. पण शरीर कुजायला लागलं की तो फेस जातो, फुप्फुसांवरच्या खुणाही पुसट होतात. इथे तसंच झालं होतं.

मुलाची आई शवागाराच्या पायरीवर बसलेली, हातात त्याची एकच चप्पल. मी बाहेर आलो तशी उठली. “दोतोर, म्हजो पूत उदकांत पडलो काय कोणें उडयलो?”

ढकललं की तोल गेला, हे शवविच्छेदनातून सहसा कळत नाही. पण पाण्यात गेला तेव्हा तो जिवंत होता का, एवढं तरी तिला सांगता यायला हवं होतं. त्यासाठी डायटमची चाचणी आहे. डायटम म्हणजे पाण्यातलं डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शैवाल. त्याचं कवच सिलिकाचं, काचेच्या जातीचं. बुडणारा माणूस श्वासाबरोबर पाणी ओढतो, त्यातले बारीक डायटम फुप्फुसातून रक्तात शिरतात आणि हृदय चालू असेल तरच मांडीच्या हाडातल्या मज्जेपर्यंत पोचतात. मेलेल्या माणसाच्या फुप्फुसातही पाणी आपसूक शिरतं, म्हणून नुसतं फुप्फुस बघून भागत नाही. मज्जा नत्राम्लात तापवायची. ऊती विरघळतात, कवचं शिल्लक राहतात. मग ती कवचं, माणूस जिथे बुडाला तिथल्या पाण्यातल्या डायटमांशी ताडून बघायची.

आता ते पाणी कुठाय? पंचनामा आला होता, कपडे आले होते, पाणी नव्हतं. मी पत्र लिहिलं. मग स्मरणपत्र. मग आणखी एक. पाणी आलं फेब्रुवारीत, सरबताच्या बाटलीत, झाकण उघडल्यावर कोकमाचा वास येणाऱ्या. सप्टेंबरात त्या मानशीपाशी पावसाचं गोडं पाणी उतरलेलं असतं, फेब्रुवारीत खारं वर चढलेलं. दोन्हींतली डायटमांची वस्तीच निराळी. ताडून बघणार कशाशी? मी लिहिलं, ‘निश्चित मत देता येत नाही.’ ती बाई त्या वाक्याचा अर्थ विचारायला तीन वेळा आली.

मी त्या हवालदाराला दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मला तरी कुठे शिकवलं होतं? डायटमवर टीप लिहून मी परीक्षेत मार्क मिळवले होते; पाणी कुणी, कधी, कशात भरायचं हा प्रश्न वर्गात कधी निघाला नाही. आपल्या गोव्यात 1842 साली पणजीत एश्कोला मेदिको-सिरुर्जिका हे पोर्तुगीजांचं वैद्यक विद्यालय सुरू झालं, 1963 पासून ते गोवा मेडिकल कॉलेज. एवढ्या जुन्या परंपरेच्या भूमीत, जिथे दर गावाला नदी, ओढा नाहीतर समुद्र आहे, तिथे बुडण्याचं शास्त्र आपण जगाला शिकवायला हवं. ते होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अध्यक्षांनी पाच मिनिटांची चिठ्ठी दिलीय, तेव्हा मूळ विषय भराभर सांगतो.

1 जुलै 2024 पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा, आली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, अशी त्यात तरतूद आहे. ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत. चांगलंच आहे. पण बुडालेल्या माणसाची पहिली नोंद होते अनैसर्गिक मृत्यूची, कलम 194 खाली. तिथे तज्ज्ञ येईलच असं नाही. येतो हवालदार. म्हणून आमच्या विभागांचा वर्ग पोलीस ठाण्यापर्यंत गेला पाहिजे.

दुसरं, संशोधन. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ, तेरेखोल आणि कुंभारजुव्याचा कालवा, यांचं पाणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दर महिन्याला भरावं आणि डायटमांचा नकाशा करावा. सूक्ष्म शैवालांचे जाणकार दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत आहेत, बांबोळीच्या आपल्या कॉलेजातून तासाभराचीही वाट नाही. नकाशा हाताशी असला तर उशिरा आलेली बाटलीही अगदीच वाया जाणार नाही. चाचणीच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. डायटम मिळाले नाहीत म्हणून माणूस बुडालाच नाही असं होत नाही, आणि शवविच्छेदनाची हत्यारं नळाच्या पाण्याने धुतली तर नळातलेच डायटम मज्जेत सापडतात. हेही विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने करूनच कळेल.

समोर पोलीस खात्यातली दोन-तीन मंडळी बसलीत, त्यांच्यासाठी शेवटचं. बाटली नवी, डिस्टिल्ड पाण्याने विसळलेली. प्रेत मिळालं तिथलं पाणी एकीत. माणूस पडला असेल असं वाटतं तिथलं दुसरीत. त्याच दिवशी. वर तारीख, वेळ, जागा. आणि भरती होती की ओहोटी ते मानशीवरच्या माणसाला विचारून लिहा, त्याला बरोबर माहीत असतं.